चित्रफितीची गती आणि नटाची गती : रंगमंचावरील प्रक्षेपणाचा विचार

रंगमंचावरील प्रक्षेपण म्हणजे दिव्यातून किंवा प्रोजेक्टरमधून निघालेली प्रतिमा एखाद्या पृष्ठभागावर पाडणे आणि ती चालू प्रयोगाचा भाग करणे. हा पृष्ठभाग पांढरा पडदाच असावा लागतो असे नाही. रंगमंचामागचा ताणलेला मोठा पडदा म्हणजे सायक्लोरामा, जाळीचा पडदा, घराची भिंत म्हणून उभा केलेला फ्लॅट, रंगमंचाची जमीन, धूर, क्वचित नटाच्या अंगावरचा सदरा, यांतले काहीही चालते. प्रतिमाही अनेक तऱ्हांच्या असतात : स्थिर चित्र, चित्रफीत, रेखाटनांतून हलणारे ॲनिमेशन, नुसती अक्षरे, किंवा त्याच क्षणी कॅमेऱ्याने टिपलेला नटाचा चेहरा. या सगळ्याची आखणी करण्याच्या कामाला आज प्रोजेक्शन डिझाइन, व्हिडिओ डिझाइन, मीडिया डिझाइन अशी नावे आहेत. हे काम नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांच्या बांधावर येते, आणि बांधावरच्या कोणत्याही गोष्टीप्रमाणे त्यावरून दोन्हीकडच्यांत कुरबूर होते.

चित्रपटगृहात पडद्यावरच्या प्रतिमेला कोणी प्रतिस्पर्धी नसतो. नाट्यगृहात असतो, आणि तो जिवंत असतो. त्यातून दोन भांडणे उभी राहतात. पहिले प्रकाशाचे : नटाचा चेहरा दिसायला उजेड हवा, प्रतिमा दिसायला अंधार हवा. दुसरे अधिक खोलवरचे, गतीचे. नट रोज तेच नाटक करतो, पण रोज तेवढ्याच वेळात करत नाही. वाक्यावर हशा आला की तो थांबतो. प्रेक्षागृह थंड असले तर गती वाढवतो. समोरच्या नटाने विराम जास्त घेतला तर तोही सांभाळून घेतो. चित्रफीत कोणासाठी थांबत नाही. प्रतिमा नटाच्या मागे चालणार की नट प्रतिमेच्या मागे धावणार, या एका प्रश्नाभोवती प्रक्षेपणाच्या रंगभूमीचा बराचसा इतिहास फिरतो.

या इतिहासाची पहिली पाने जादूच्या दिव्याची आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यावर क्रिस्तियान हायगेन्सच्या हातून सिद्ध झालेला हा दिवा अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये भुतांच्या खेळांत आला. एत्येन-गास्पार रॉबर्टसन जुन्या कापुसिन मठात ‘फँटास्मागोरिया’ नावाचे खेळ करी. दिवा चाकांवर, पडद्याच्या मागे. तो पुढे-मागे सरकवला की काचेवरचे भूत प्रेक्षकांच्या अंगावर धावून येई किंवा लांब विरून जाई. १८६२ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपरने डिकन्सच्या एका कथेच्या प्रयोगात तिरकी काच उभी केली आणि खाली दडवलेल्या नटाचे प्रतिबिंब रंगमंचावर भूत म्हणून वावरू लागले. मूळ कल्पना हेन्री डर्क्सची, नाव मात्र पेपरचे झाले. कल्पक आणि व्यवस्थापक यांच्यातला हा व्यवहार रंगभूमीला नवा नाही.

महाराष्ट्रात या परंपरेचा धागा कल्याणला सापडतो. महादेवराव पटवर्धनांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा भिंगापुढून झपाझप सरकत, चित्रे हलल्याचा भास होई, आणि बरोबर निवेदन चाले. रामायणातल्या प्रसंगांपासून सर्कशीपर्यंतचे विषय त्यांत होते. इकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवत आलेले आहेत. तंत्र निराळे असले, तरी दोन्हींत एक गोष्ट समान होती : प्रतिमा हलवणारा हात आणि कथा सांगणारा गळा जागेवरच होते, त्यामुळे निवेदन रेंगाळले तर चित्रही रेंगाळे. गतीचे भांडण तिथे नव्हतेच. ते सिनेमाबरोबर आले, कारण सिनेमाने प्रतिमेची गती यंत्राच्या स्वाधीन केली.

चित्रपट नाटकात पूर्ण ताकदीने आणला तो बर्लिनच्या एर्विन पिस्काटरने. त्याच्याआधी आणि त्याच्या काळात रशियात दिग्दर्शक मायरहोल्डने पडद्यावर घोषणा झळकवल्या होत्या, आणि पुढे चित्रपटांकडे वळलेल्या आयझेनस्टाइनने १९२३ च्या एका नाट्यप्रयोगासाठी छोटी चित्रफीत केली होती. पण पिस्काटरचा हेतू वेगळा आणि सरळ राजकीय होता. पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता. एका घराच्या दिवाणखान्यात घडणारे नाटक त्या युद्धाबद्दल, महागाईबद्दल, कामगारांच्या संपाबद्दल काही सांगू शकत नाही, असे त्याचे मत झाले होते. व्यक्तीचे दुःख रंगमंचावर दिसते, त्या दुःखाची कारणे मात्र कुठेतरी कारखान्यात, शेअरबाजारात, खंदकात असतात. ती कारणे आत आणायची तर रंगमंचाला भिंतीपलीकडचे दिसले पाहिजे. चित्रफीत हे त्याचे भिंतीला पाडलेले भोक.

१९२५ च्या जुलैमध्ये बर्लिनच्या ग्रोसेस शाउश्पीलहाउस या प्रचंड नाट्यगृहात त्याने ‘ट्रोट्झ आलेडेम’ हा प्रयोग केला. कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनासाठी बसवलेल्या त्या प्रयोगात सरकारी दफ्तरातून मिळवलेली युद्धाची खरीखुरी चित्रफीत दाखवली गेली. नट पार्लमेंटमधली युद्धकर्जाची चर्चा उभी करत आणि लगोलग पडद्यावर त्या कर्जाचा परिणाम, म्हणजे हल्ले आणि प्रेते, दिसत. इथे चित्रफीत देखावा राहिली नाही. ती पुरावा झाली.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १९२७ मध्ये, नोलेनडॉर्फप्लाट्झच्या थिएटरात अर्न्स्ट टोलरचे ‘होप्ला, आपण जगतोय!’ या अर्थाचे नाटक आले. नायक कार्ल थॉमस क्रांतीतला बंडखोर. त्याला फाशीची शिक्षा होते, ती रद्द होते, पण त्याची बुद्धी चळते आणि आठ वर्षे तो वेड्यांच्या इस्पितळात काढतो. बाहेर येतो तेव्हा जग बदललेले आहे आणि कालचा सोबती मंत्री झालेला आहे. नाटककारापुढचा पेच असा, की ती मधली आठ वर्षे दाखवायची कशी? संवादांतून सांगितली तर व्याख्यान होते. पिस्काटरने कुर्ट ओर्टेलकडून चित्रफीत करवून घेतली आणि सुरुवातीचा पूर्वप्रवेश व पहिला अंक यांच्यामध्ये ती वर्षे पडद्यावरून धडाधड पळवली. नायकाने न पाहिलेला काळ प्रेक्षक पाहतो. त्यामुळे नायक बाहेर पडतो त्या क्षणी प्रेक्षक त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी शहाणा असतो, आणि पुढच्या सगळ्या प्रसंगांत ही तफावत काम करत राहते. प्रक्षेपणाचा इतका नेमका उपयोग नंतरच्या शंभर वर्षांत फार वेळा झालेला नाही. चित्रफितीने नटाला विश्रांती दिली नाही की देखावा सजवला नाही. संहितेत जी जागा शब्दांनी भरता येत नव्हती तीच भरली. शिवाय ती नटांच्या प्रसंगांमध्ये आली, प्रसंगांवर आली नाही. त्यामुळे तिची ठरीव गती कोणाच्या आड आली नाही.

याच नाटकासाठी ट्राउगॉट म्युलरने पोलादी पाइपांचा अनेक मजली सांगाडा उभा केला होता. त्याच्या खणांत खोल्या, खोल्यांच्या तोंडाशी पडदे. एका खणात दिवे लागत तेव्हा दुसऱ्यात प्रतिमा पडे. प्रकाशाचे भांडण म्युलरने असे वाटणी करून मिटवले. पुढे ‘रासपुतिन’मध्ये रंगमंचावर अर्धा पृथ्वीगोल आला, तर १९२८ च्या ‘श्वाइक’मध्ये सरकते पट्टे आणि पडद्यावर गेऑर्ग ग्रॉसची व्यंगचित्रे. ‘रासपुतिन’मधल्या स्वतःच्या पात्रावर पदच्युत कैसर विल्हेल्मने न्यायालयातून बंदी आणली, तेव्हा त्या पात्राच्या जागी न्यायालयाचा आदेशच वाचून दाखवण्यात आला. ‘श्वाइक’मधले पट्टे इतके खडखडत, की नटांना आवाज चढवावा लागे. यंत्रांचा खर्च, लांबलेल्या तालमी आणि फसलेली नाटके यांमुळे १९२८ मध्येच पिस्काटरची संस्था दिवाळखोरीत गेली. प्रक्षेपणाच्या कौतुकात हा भाग सहसा गाळला जातो. निर्मात्यांच्या तो बरोबर ध्यानात असतो.

पिस्काटरने १९२९ मध्ये लिहिलेल्या ‘राजकीय रंगभूमी’ या ग्रंथात चित्रफितीची तीन कामे सांगितली आहेत : माहिती देणे, कथा पुढे नेणे आणि भाष्य करणे. तिसरे काम ग्रीक नाटकातल्या कोरसचे. नाटककार ब्रेष्ट आणि त्याचा नेपथ्यकार कास्पार नेहेर यांनी यातले भाष्याचे काम उचलले आणि यंत्रांचा पसारा टाकून दिला. त्यांच्या प्रयोगांत प्रसंगाआधी पडद्यावर मथळा येतो आणि पुढे काय घडणार ते सांगून टाकतो. काय होणार याची उत्सुकता संपली, की ते कसे आणि का होते याकडे प्रेक्षक पाहतो. अक्षरे स्थिर असतात, त्यामुळे नटाच्या गतीला त्यांचा उपद्रव नाही. टेनेसी विल्यम्सने ‘द ग्लास मिनॅजरी’च्या संहितेत अशाच मथळ्यांची आणि चित्रांची योजना लिहून ठेवली. १९४४ मधल्या पहिल्या निर्मितीत ती वगळली गेली, तरी छापील संहितेत राहिली. वगळणाऱ्यांचेही फारसे चुकले नसावे. त्या नाटकात आठवण सांगणारा निवेदक आधीच आहे; पडदा तेच काम दुसऱ्यांदा करतो.

गतीच्या प्रश्नाला सर्वांत सुंदर आणि सर्वांत अवघड उत्तर दिले ते प्रागच्या योसेफ स्वोबोदाने (१९२०–२००२). वास्तुशास्त्र शिकलेला हा नेपथ्यकार प्रागच्या नॅशनल थिएटरात अनेक वर्षे नेपथ्यप्रमुख होता. दिग्दर्शक आल्फ्रेड राडोकबरोबर त्याने १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनासाठी ‘लातेर्ना माजिका’ हा प्रकार घडवला. पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगाला माहीत झालेला मिलोश फोर्मन त्या गटात होता. रंगमंचावर अनेक पडदे, काही हलणारे. त्यांच्यामध्ये नर्तक, वादक, निवेदिका. निवेदिका सदेह उभी आहे आणि पडद्यांवरची तिचीच रूपे तिच्याशी दुसऱ्या भाषांत बोलत आहेत. नर्तक पडद्यावर दिसतो तिथून बाहेर येतो आणि रंगमंचावर तीच उडी पुरी करतो. प्रेक्षकांनी हे डोक्यावर घेतले आणि पुढच्याच वर्षी प्रागमध्ये कायमची रंगभूमी स्थापन झाली.

पण जवळून पाहिले तर इथे नटाने शरणागती पत्करलेली दिसते. चित्रीकरण महिनोन्महिने आधी होते. त्यातल्या निवेदिकेने प्रश्नानंतर चार सेकंद वाट पाहिली असेल, तर रंगमंचावरच्या निवेदिकेला उत्तर चार सेकंदांतच बसवावे लागते; प्रेक्षक हसोत वा न हसोत. नर्तकाचा पाय एका बोटाने चुकला तर भ्रम मोडतो. १९७७ पासून हजारो प्रयोग झालेल्या ‘कोउझेल्नी त्सिर्कुस’ या निर्मितीत तर रंगमंचावरचे कलावंत पिढ्यांनी बदलले आणि चित्रफीत तीच राहिली. नव्या नर्तकाला जुन्याच्या मापात बसावे लागे. संगीत आणि नृत्य हे मुळातच मोजून-मापून चालतात, त्यामुळे तिथे हे निभते. बोलक्या नाटकाला हा साचा मानवला नाही, आणि लातेर्ना माजिका नृत्यनाट्याकडे झुकत गेली, यात नवल नाही. स्वोबोदाने स्वतः बोलक्या नाटकांत प्रक्षेपण वेगळ्या रीतीने वापरले : लख्ख पांढरा पडदा टाळून, ताणलेल्या दोऱ्या, जाळ्या, आरसे, खडबडीत पृष्ठभाग यांवर प्रतिमा पाडून. तिथे प्रतिमा ओळखू येण्यापेक्षा जाणवण्याला महत्त्व आहे.

इथे प्रकाशाच्या हिशेबाकडे वळावे लागते, कारण प्रक्षेपण फसते ते बहुधा कल्पनेपायी नव्हे, या हिशेबापायी. प्रोजेक्टरची ताकद ल्युमेनमध्ये मोजतात आणि पृष्ठभागावर पडणारा उजेड लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. समजा, दहा हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर आठ मीटर रुंद आणि पाच मीटर उंच प्रतिमा पाडतो आहे. क्षेत्रफळ चाळीस चौरस मीटर, म्हणजे वाट्याला अडीचशे लक्स, तेही चित्र पूर्ण पांढरे असेल तर. रात्रीच्या देखाव्यात यातले फार थोडे शिल्लक राहते. नटाच्या चेहऱ्यावर मात्र समोरच्या दिव्यांचे पाचशे ते हजार लक्स सहज असतात, आणि त्यातला बराच उजेड जमिनीवरून उसळून मागच्या पडद्यावर जातो. चित्र धुऊन निघते. मग प्रोजेक्टर आणखी मोठा मागवला जातो. स्वस्त उपाय तीन आहेत : नटाला पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे आणणे, समोरचा उजेड कमी करून विंगेतून आणि उंचावरून देणे, आणि जमीन काळी ठेवणे. तिन्हींचा निर्णय दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार यांना तालमीच्या सुरुवातीलाच घ्यावा लागतो. प्रोजेक्टर रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा लागला, तर यातला एकही उपाय हाती उरत नाही.

दुसरी अडचण काळ्या रंगाची. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. काळी फ्रेम चालू असली तरी थोडा उजेड गळतो आणि अंधारात पडद्यावर करडा चौकोन उठून दिसतो. नाटकात ब्लॅकआउट ही महत्त्वाची गोष्ट असल्यामुळे हा चौकोन फार खुपतो. म्हणून भिंगापुढे यांत्रिक झडप बसवतात आणि प्रतिमा नसताना ती बंद ठेवतात. झडप नसेल तर चित्राच्या कडा विरत नेऊन चौकोनाची धार मोडतात. पंख्याचा आवाज ही तिसरी बाब. लहान नाट्यगृहात प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेला प्रोजेक्टर हळव्या प्रसंगात स्पष्ट ऐकू येतो.

विशाल पडद्यापेक्षा छोटा, ओळखीचा पृष्ठभाग जास्त बोलतो याचे चांगले उदाहरण म्हणजे लंडनच्या नॅशनल थिएटरचे २००७ मधले ‘वॉर हॉर्स’. रंगमंचाच्या वर आडवी, फाटक्या कडांच्या कागदासारखी पट्टी, आणि तिच्यावर रे स्मिथची पेन्सिलीची रेखाटने : गावाचे क्षितिज, पुढे युद्धभूमी. ती पट्टी नाटकातल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या चित्रवहीतून फाडलेला तुकडा आहे. म्हणजे प्रतिमेला मालक आहे, ती कथेतूनच आली आहे. उलट उदाहरण तीन वर्षे आधीचे : ‘द वूमन इन व्हाइट’ या संगीतिकेत नेपथ्याचे जवळजवळ सगळे काम फिरत्या प्रक्षेपणावर सोपवले गेले. घरे, बागा, रस्ते नटांमागे गरागरा वळत आणि प्रेक्षकांना गरगरते, अशी टीका झाली. रंगमंचावरचा नट स्थिर आणि त्याच्यामागचे जग धावणारे असेल, तर नटच खोटा वाटू लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या विल्यम केंट्रिजने हँडस्प्रिंग या बाहुलीनाट्य संस्थेबरोबर १९९७ मध्ये केलेल्या ‘उबू अँड द ट्रुथ कमिशन’मध्ये कोळशाने काढलेली, खोडून पुन्हा काढलेली चित्रे हलतात. खोडल्याचा डाग कागदावर राहतो. अत्याचारांची साक्ष देणाऱ्या नाटकाला याहून योग्य प्रतिमा सापडणे कठीण.

गतीच्या भांडणात नटाचे पारडे जड झाले ते जिवंत कॅमेऱ्यामुळे. प्रतिमा आधी चित्रित केलेलीच नसेल, तर ती नटाला पळवणार कशी? स्वोबोदाने १९६५ मध्ये बॉस्टनला लुइजी नोनोच्या ‘इंतोलेरांझा’ या संगीतिकेत टेलिव्हिजन कॅमेरे लावून प्रेक्षकांचेच चेहरे पडद्यावर आणले होते. साधने स्वस्त झाल्यावर ही रीत युरोपभर पसरली. केटी मिचेलने २००६ मध्ये व्हर्जिनिया वुल्फच्या कादंबरीवरून केलेल्या ‘वेव्ह्ज’मध्ये वर पडद्यावर एका बाईचा चेहरा दिसतो, खिडकीच्या काचेवर पाऊस दिसतो. खाली टेबलांवर त्याची कारखानदारी उघडपणे चाललेली असते : एकजण काच धरतो, दुसरा तिच्यावर पाणी शिंपडतो, तिसरा चेहऱ्यावर दिवा रोखतो, चौथा पावलांचा आवाज काढतो. पडद्यावर मनातला एकांत, रंगमंचावर तो घडवणारी गर्दी. प्रेक्षक दोन्ही पाहतो. सिडनीत २०२० मध्ये किप विल्यम्सने बसवलेल्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’मध्ये एकच अभिनेत्री सव्वीस पात्रे करते, काही जिवंत, काही आधी चित्रित केलेली. तिथे नटाने चित्रफितीच्या गतीशी जुळवून घेण्याची लातेर्ना माजिकाची कसरत पुन्हा आली, पण या वेळी ती कसरतच नाटकाचा विषय झाली : स्वतःच्या प्रतिमेमागे धावणारे माणूस.

जिवंत कॅमेऱ्याचेही उणे आहे. मोठा हलता चेहरा समोर असताना डोळा लहान माणसाकडे जात नाही, आणि दोन तास नाटक पडद्यावरच पाहिले असे होते. शिवाय कॅमेरा, मिक्सर, संगणक आणि प्रोजेक्टर यांतून जाताना प्रतिमा उशिरा पोहोचते. सेकंदाला पंचवीस फ्रेम्स धरल्या तर एक फ्रेम चाळीस मिलिसेकंदांची. तीन-चार फ्रेम्सचा उशीर झाला तरी ओठ आणि आवाज यांची फारकत कळू लागते. हा उशीर लपवायला काहीजण आवाजच मागे ढकलतात. मग पडदा आणि आवाज जुळतात आणि नट एकटाच पुढे राहतो.

दुसरा, कमी गाजावाजा झालेला बदल संगणकातला आहे. क्यूलॅब, वॉचआउट, इसाडोरा, डिसगाइज अशा प्रणालींमुळे लांब चित्रफितीऐवजी तुकड्यांची यादी करता येते आणि प्रत्येक तुकडा ऑपरेटर नटाकडे पाहून सोडतो. समजा, प्रसंग असा : म्हातारा खिडकीशी मुलाची वाट पाहतो आहे, पाऊस आहे, आणि दारावर थाप पडताच वीज चमकते. नव्वद सेकंदांची एक फीत केली, तर म्हाताऱ्याला नव्वद सेकंदच वाट पाहता येईल. त्याऐवजी पावसाचा तुकडा शेवट सुरुवातीला जोडून अखंड फिरता ठेवला, विजेचा तुकडा वेगळा केला आणि त्यानंतरचा ओसरता पाऊस तिसरा, तर म्हातारा आज चाळीस सेकंद थांबो की उद्या दोन मिनिटे, वीज थापेबरोबरच चमकते. इतके करायला ऑपरेटर नाटक पाहणारा हवा, घड्याळ पाहणारा नव्हे. त्याला पूर्ण तालमींना बसवावे लागते, आणि इथेच काटकसर केली जाते.

यंत्र नेपथ्यातच गुंफले गेले की त्याचे बिघाडही नाटकात गुंफले जातात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात रॉबेर लपाजने वागनरच्या ‘रिंग’ चतुष्टयासाठी चोवीस फळ्यांचे, सुमारे पंचेचाळीस टनांचे यंत्र उभारले. फळ्या वळत, त्यांवर प्रतिमा पडत आणि गायकांच्या हालचालींना त्या प्रतिसाद देत. सप्टेंबर २०१० मध्ये ‘दास राइनगोल्ड’च्या पहिल्याच रात्री शेवटच्या इंद्रधनुषी पुलाच्या वेळी फळ्यांनी ऐनवेळी दगा दिला आणि देवांना स्वर्गात नेणारा पूल झालाच नाही.

भारतीय रंगभूमीने प्रतिमा नसताना प्रतिमेचे काम प्रकाशाकडून करून घेतल्याची मोठी परंपरा आहे. कोलकात्यात तापस सेनने १९५९ च्या ‘अंगार’मध्ये कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी आणि ‘सेतू’मध्ये अंगावर येणारी आगगाडी केवळ उजेड, सावली आणि ध्वनी यांतून उभी केली. दिव्यावरचा हात माणसाचा असल्यामुळे पाणी रोज नटांच्या गतीने चढे. मोठ्या भांडवलाच्या निर्मितींत प्रक्षेपण अलीकडे रुळले आहे. २०१६ मध्ये मुंबईच्या एनसीपीएत आलेल्या फिरोज अब्बास खान यांच्या ‘मुघल-ए-आझम’ या संगीतनाट्यात महालांच्या देखाव्यांना त्याची जोड होती.

मराठी व्यावसायिक नाटकाची कोंडी वेगळी आहे. ते एका जागी बसत नाही. दुपारी ठाण्याचे गडकरी रंगायतन, रात्री विलेपार्ल्याचे दीनानाथ, दुसऱ्या दिवशी पुण्याचे बालगंधर्व. नेपथ्य गाडीतून उतरवून दोन-तीन तासांत लावायचे आणि प्रयोग संपताच मोडायचे. ‘तो मी नव्हेच’ने १९६२ पासून फिरता रंगमंच गावोगाव नेला, म्हणजे यंत्राचे या रंगभूमीला वावडे नाही, पण फिरत्या रंगमंचाला नाट्यगृहाच्या मापांशी फारसे देणेघेणे नसते, प्रोजेक्टरला असते. प्रोजेक्टर आणि पडदा यांतले अंतर भागिले प्रतिमेची रुंदी, हे भिंगाचे प्रमाण. १.५ चे भिंग असेल तर आठ मीटर रुंद चित्राला बारा मीटर अंतर लागते. म्हणजे प्रोजेक्टर प्रेक्षागृहात किंवा बाल्कनीच्या कठड्यावर, आणि प्रत्येक नाट्यगृहात ती जागा निराळी. मागून पाडायचे म्हटले तर सायक्लोरामामागे बहुतेक ठिकाणी तीन मीटरही मिळणे मुश्कील. ०.८ चे भिंग लावले तरी चित्र पावणेचार मीटरचेच येते. यातून सुटायचा शहाणा मार्ग म्हणजे प्रोजेक्टर नाट्यगृहाला न बांधता नेपथ्याला बांधणे : आखूड अंतराचे भिंग, नेपथ्याच्याच चौकटीवर पक्का केलेला खोका, आणि खिडकीएवढा किंवा भिंतीच्या एका फ्लॅटएवढा पृष्ठभाग. मग सांगाडा जिथे लागेल तिथे चित्र आपोआप जुळते, चार कोपरे थोडे ओढून घेतले की झाले. एकांकिका स्पर्धांत, जिथे मांडणीला मोजकी मिनिटे मिळतात, तिथल्या मुलांनी चादर, ओव्हरहेड प्रोजेक्टर आणि विजेरीच्या सावल्यांतून याहून सोप्या तोडी काढलेल्या आहेत.

सोयीमुळे आज बरेच निर्माते भाड्याच्या एलईडी भिंतीकडे वळतात. ती भरपूर तेजस्वी असते, तिच्यापुढे दिवे लावता येतात, सावली पडत नाही, आणि विझली की खरोखर काळी होते. पण ती स्वतःच दिवा असल्यामुळे तिच्यापुढचा नट कडेने उजळलेला काळा आकार होतो आणि समोरचे दिवे तिच्याशी स्पर्धा करत वाढत जातात. ठिपक्यांमधले अंतर चार मिलिमीटर असेल, तर ढोबळ हिशेबाने चार मीटरच्या आत बसलेल्यांना चित्राऐवजी ठिपके दिसतात. पहिल्या रांगेचे तिकीट सर्वांत महाग असते, हे इथे आठवावे. आणि वाड्याचा दिवाणखाना एलईडीवर झळकला की नाटकाचा पुरस्कार सोहळा होतो, तो भाग वेगळाच.

या कामाला स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता मिळायला वेळ लागला. अमेरिकेत नेपथ्यकारांच्या संघटनेने २००७ मध्ये प्रक्षेपण-रचनाकारांचा वेगळा वर्ग केला आणि येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत २०१० मध्ये त्याचे शिक्षण सुरू झाले. वेंडल हॅरिंग्टन यांचा त्यात मोठा वाटा. टोनी पुरस्कारांत मात्र या कामाला अजून स्वतंत्र विभाग नाही, ते नेपथ्याच्या पोटात मोजले जाते. मराठी नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा यांना ओळी ठरलेल्या आहेत. प्रक्षेपण बहुधा ‘विशेष आभार’मध्ये जाते.

शेवटचा मुद्दा जतनाचा. रंगवलेला पडदा गुंडाळून वखारीत ठेवता येतो आणि तीस वर्षांनी उलगडता येतो. प्रक्षेपणाचे तसे नाही. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले आणि ‘कॅरोसेल’ या तिच्या स्लाइड प्रोजेक्टरच्या जोड्यांवर बेतलेली नाटके पुन्हा करायची तर आधी यंत्रे शोधावी लागू लागली. संगणकावरच्या फाइलींचे आयुष्य त्याहून कमी : प्रणालीची आवृत्ती बदलते, कोडेक जातो, परवान्याची मुदत संपते. म्हणून अनुभवी संच तुकडे मूळ स्वरूपात आणि एका सर्वसाधारण स्वरूपात असे दोनदा ठेवतात, आणि संहितेच्या प्रतीत प्रत्येक क्यूसमोर, म्हणजे बदलाच्या खुणेसमोर, साध्या भाषेत लिहून ठेवतात : पडद्यावर काय दिसते, कोणत्या शब्दावर येते, कोणत्या हालचालीवर जाते, आणि प्रोजेक्टर लागला नाही तर त्या जागी नटाने काय करायचे.